दिल्लीत दोन महिने, हातात फक्त शनिवार-रविवार

पत्र: मी पुण्यात लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जून-जुलै असे दोन महिने दिल्लीत एका वकिलांच्या चेंबरमध्ये इंटर्नशिप करते आहे. राहायला लाजपत नगरच्या पीजीत. शनिवार-रविवार सुट्टी असते. गेल्या शनिवारी एका दिवसात दिल्ली दाखवणारी बस घेतली. नऊ ठिकाणं झाली, पण आठवतं ते फक्त पार्किंग. दुपारी अडीचला कुतुबमिनारपाशी चक्कर आली. रविवारी चांदनी चौकात गेले तर बहुतेक दुकानांना कुलूप. दोन दिवसांत अडीच हजार उडाले, आणि स्टायपेंड जेमतेम. घरचे म्हणतात, एकटीने फिरू नकोस. मला दिल्ली नीट बघायची आहे. सुट्टी आखू तरी कशी? आणि आग्र्याला जाऊ का?

उत्तर: तुझ्या त्या शनिवारात चूक झाली ती यादीत. नऊ ठिकाणं म्हणजे प्रत्यक्षात तीन-चार वेगवेगळी शहरं. दक्षिणेला मेहरौलीची सुलतानांची दिल्ली, मध्ये निजामुद्दीन आणि हुमायूनच्या मकबऱ्याचा पट्टा, त्याला लागून इंग्रजांनी वसवलेली नवी दिल्ली, आणि उत्तरेला शाहजहानचं शाहजहानाबाद, ज्याला आज सगळे पुरानी दिल्ली म्हणतात. एकातून दुसऱ्यात जायचं तर बस अर्धा-पाऊण तास ट्रॅफिकमध्ये अडकते आणि उतरल्यावर हातात वीस मिनिटं उरतात. म्हणून पहिला नियम असा धर: एका दिवसाला एकच दिल्ली.

दुसरा नियम उन्हाचा, आणि जूनमध्ये तो पहिल्याहून महत्त्वाचा. दिल्लीत या दिवसांत साडेपाचच्या आत उजाडतं आणि सूर्य सव्वासातनंतर मावळतो. उघड्यावरची प्रत्येक गोष्ट सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर. मधला वेळ एसी संग्रहालयाचा, मेट्रोचा किंवा सरळ झोपेचा. तुला चक्कर का आली हेही समजून घे. आपल्याकडे घाम अंगावर राहतो, कपडे चिकटतात, म्हणून शरीरातलं पाणी जातंय हे कळतं. दिल्लीत जूनमध्ये हवा इतकी कोरडी असते की घाम आला तसा उडून जातो. कपडे कोरडेच राहतात आणि तहान फार उशिरा जाणवते. त्यात किल्ल्यांचा आणि मकबऱ्यांचा दगड दुपारपासून तापून खालूनही भाजत असतो. बाहेर असताना तहानेची वाट न बघता तासाला साधारण अर्धा लिटर पाणी घोट घोट पी. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलं आहे तेवढ्याच पाण्यात कालव (मोठं पाकीट सहसा १ लिटरचं असतं). पेलाभर पाण्यात अख्खं पाकीट टाकलं तर मिठाचं प्रमाण चढतं आणि फायद्याऐवजी त्रास होतो. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं किंवा अंगावर काटा आला तर तिथेच थांब, जवळच्या मेट्रो स्टेशनच्या गारव्यात जा, ओला रुमाल मानेवर ठेव. त्वचा तापलेली आणि बोलण्यात गोंधळ अशी अवस्था कुणाची दिसली तर वेळ न घालवता ११२ ला फोन. जूनच्या शेवटाला पाऊस आला की हवा दमट होते. मग घाम वाळत नाही, त्रासाची जात बदलते, पाण्याची गरज तेवढीच राहते.

आता एक चांगली गोष्ट. लाजपत नगर हा पत्ता दिल्ली बघायला फार सोयीचा आहे. तुझ्या स्टेशनवरून जाणारी व्हायोलेट लाईन, म्हणजे जांभळी, जंगपुरा, जवाहरलाल नेहरू स्टेडियम, खान मार्केट, सेंट्रल सेक्रेटरिएट, जनपथ, मंडी हाऊस, आयटीओ, दिल्ली गेट, जामा मस्जिद, लाल किला अशी जाते आणि कश्मीरी गेटला संपते. तुला बघायचं त्यातलं बरंचसं या एका लाईनवर, गाडी न बदलता येतं. लाल किल्ल्यापर्यंत दहा स्टेशनं, साधारण पंचवीस मिनिटं. पिवळी किंवा निळी लाईन पकडायची वेळ आली तर राजीव चौकच्या गर्दीत जाऊ नकोस. पिवळीसाठी सेंट्रल सेक्रेटरिएट किंवा कश्मीरी गेट, निळीसाठी मंडी हाऊस. स्मार्ट कार्ड आजच घे: प्रत्येक फेरीला १० टक्के सूट मिळते, कमी गर्दीच्या वेळांत आणखी १० टक्के. रविवारी भाडंच कमी असतं, पण गाड्या उशिरा सुरू होतात. पहाटे निघायचं असेल तर पहिल्या गाडीची वेळ आदल्या रात्री ॲपवर बघून ठेव.

वारांचं गणित असं. लाल किल्ला, नॅशनल म्युझियम, लोटस टेंपल, अक्षरधाम सोमवारी बंद, म्हणजे तुला त्याची अडचण नाही. पुरानी दिल्लीचा बाजार मात्र रविवारी बंद असतो, आणि तुझी फेरी फुकट गेली ती त्यामुळे. तेव्हा पुरानी दिल्ली शनिवारी.

आणि ती याच किंवा पुढच्या शनिवारी, कारण १५ ऑगस्टच्या तयारीसाठी लाल किल्ला आधी बरेच दिवस लोकांना बंद ठेवतात. काही वर्षी जुलैच्या मध्यापासूनच. जुलैअखेरीस बघू म्हणशील तर राहून जाईल.

शनिवारी साडेसातला जामा मस्जिद स्टेशनवर उतर. मशिदीत नमाजच्या वेळी पाहुण्यांना सोडत नाहीत, म्हणून सकाळच बरी. खांदे आणि पाय झाकणारे कपडे हवेत, ओढणी हवी. बूट काढावे लागतात, आणि अंगणाचा दगड नऊनंतर तापायला लागतो. पिशवीत जाड मोज्यांचा एक जोड टाकून ठेव. दिल्ली बघणाऱ्याच्या पिशवीतली ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू.

तिथून लाल किल्ला चालत. तिकीट आदल्या रात्री पुरातत्त्व खात्याच्या पोर्टलवर काढलं तर खिडकीवरची रांग वाचते आणि थोडे पैसेही. आतल्या संग्रहालयांचं वेगळं तिकीट आहे का ते तिथेच बघ. लाहोरी दरवाजा, छत्ता चौक, नौबतखाना, दिवाण-ए-आम असं सरळ पुढे जात दिवाण-ए-खासपाशी ये आणि तिथे मात्र घाई करू नकोस. हातात वेळ असेल तर अर्धा तास याच एका दालनासमोर घालव.

खांबांकडे जवळून बघ. संगमरवरात रंगीत दगड बसवून काढलेल्या वेलबुट्ट्यांत मध्येच नुसते खड्डे दिसतात. दगड कोरून काढून नेल्याच्या त्या खुणा. मग वर छताकडे बघ. इथलं चांदीचं छत १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उतरवलं आणि वितळवून नाणी पाडली, कारण पानिपताकडे निघालेल्या फौजेला द्यायला पैसा नव्हता. पुढच्या जानेवारीत काय झालं ते तुला माहीत आहे. शाळेत पानिपत शिकलेल्या मराठी माणसाने हे छत डोळ्यांनी बघायला हवं. इतिहासाच्या धड्यात फौजेची उपासमार एका ओळीत उरकलेली असते, इथे ती डोक्यावर दिसते.

तू कायद्याची विद्यार्थिनी आहेस म्हणून आणखी एक. जानेवारी १८५८ मध्ये याच दिवाण-ए-खासमध्ये बहादूरशाह जफरवर इंग्रजांनी खटला चालवला. बादशहावर, त्याच्याच दरबारात, आणि आरोप बंडाचा. जो त्यांच्या राज्याचा प्रजाजनच नव्हता त्याच्यावर राजद्रोह लागतो का, हा प्रश्न घेऊन तिथे उभी राहा. ऐंशी-नव्वद वर्षांनी, नोव्हेंबर १९४५ मध्ये, आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग ढिल्लों यांचा खटला याच किल्ल्यात उभा राहिला. बचावाची बाजू भुलाभाई देसाईंनी लढवली, आणि स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटित सेनेला युद्धाचा हक्क असतो हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. किल्ल्यातल्या क्रांती मंदिर संग्रहालयांमध्ये नेताजी आणि आझाद हिंद सेनेचं एक आहे. ते दहा ते साडेअकरा या वेळेसाठी राखून ठेव, तोवर बाहेर ऊन चढलेलं असतं.

साडेअकराला चांदनी चौकात शिरायचा मोह होईल. शिरू नकोस. लाल किला स्टेशनवरून एक स्टेशन पुढे कश्मीरी गेट, तिथे पिवळी लाईन, आणि पुढचंच स्टेशन सिव्हिल लाईन्स. तिथून जवळ, २६ अलीपूर रोडला, डॉ. आंबेडकर राष्ट्रीय स्मारक आहे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांचं निधन झालं ती ही जागा. आताची इमारत संविधानाच्या उघड्या पुस्तकाच्या आकाराची आहे आणि ती २०१८ मध्ये खुली झाली. बसच्या यादीत हे सहसा नसतं. वकील होऊ घातलेल्या मराठी मुलीने दिल्लीत दोन महिने राहून इथे न जाणं बरं नव्हे. भर दुपारचे दोन-तीन तास इथे सावलीत जातील.

साडेपाचच्या सुमारास सिव्हिल लाईन्सहून दोन स्टेशनं मागे चांदनी चौक. मुख्य रस्त्यावर दिवसा मोटारींना बंदी आहे, त्यामुळे चालता येतं. सायकलरिक्षा करायची असेल तर बसण्याआधी ठरव: पैसे एकूण की माणशी, आणि नुसतं जाणं की जाऊन-येऊन. भांडणं नेहमी याच दोन गोष्टींवरून होतात. फतेहपुरीच्या टोकाला खारी बावलीचा मसाल्यांचा बाजार आहे. मिरचीच्या धसक्याने तिथे प्रत्येक जण खोकतो, रुमाल नाकाला लाव. वाटेत गुरुद्वारा सीसगंज: १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला ती जागा. डोकं झाकून, पाय धुऊन आत जा, थोडा वेळ बस. खाण्यात डोळ्यासमोर तळलेलं, कढईतून थेट ताटलीत येणारं ते खा. पराठे, जिलबी, कचोरी बिनधास्त. चिरून ठेवलेली फळं, उघड्या चटण्या आणि बर्फ घातलेली सरबतं जूनमध्ये टाळ. पोट बिघडतं ते बहुतेक पाण्यातून आणि बर्फातून, तेलातून क्वचित. परतताना पुन्हा लाल किला स्टेशन गाठ, म्हणजे बसलीस की थेट लाजपत नगर.

रविवार हुमायूनच्या मकबऱ्याचा. मेट्रोची वाट न बघता पहाटे ऑटो कर, अंतर चारेक किलोमीटर. ऑटोच्या मीटरचा २०२३ मध्ये ठरलेला दर पहिल्या दीड किलोमीटरला ₹३० आणि पुढे किलोमीटरमागे ₹११, म्हणजे साठेक रुपये होतात. रस्त्यावरचे ऑटोवाले मीटर टाकायला तयार होत नाहीत. ॲपवर दाखवलेलं भाडं समोर धरून घासाघीस केली की बहुतेक वेळा जमतं. मकबरा सूर्योदयाला उघडतो, तिकीट ₹४०, ऑनलाइन ₹३५.

ताजमहालाच्या पाऊणशे वर्षं आधी हुमायूनच्या बेगमेने हा बांधून घेतला. चार भागांची बाग, मधोमध उंच जोतं, दुहेरी घुमट: ताजची कल्पना आधी इथे उभी राहिली. आत आपण पश्चिमेकडून जातो, त्यामुळे सकाळी समोरची बाजू सावलीत असते. फोटो हवे असतील तर मागे, पूर्वेच्या बाजूला जा, तिथे लाल दगडावर कोवळं ऊन असतं. जोत्यावर चढायच्या पायऱ्या अरुंद आणि उंच आहेत, उतरताना भिंतीचा आधार घे. आणि शनिवारच्या त्या खटल्याचा आरंभ इथे आहे. दिल्ली पडल्यावर बहादूरशाह जफर याच मकबऱ्यात आश्रयाला आला होता, आणि सप्टेंबर १८५७ मध्ये हडसन या इंग्रज अधिकाऱ्याने त्याला इथेच पकडलं. बाहेर पडताना ईसाखानाची अष्टकोनी कबर बघ. ती १५४७ ची, मकबऱ्याच्याही आधीची, आणि तिथे गर्दी नसते.

ऊन चढलं की प्रवेशद्वाराजवळचं जमिनीखालचं संग्रहालय, किंवा शेजारची 'सुंदर नर्सरी' नावाची बाग. झाडांची सावली भरपूर, पण तिथे रविवारी दहानंतर सहलींचे डबे उघडतात, त्याआधी जाऊन ये. निजामुद्दीनचा दर्गा पलीकडेच आहे. तो मात्र एखाद्या गुरुवारी ऑफिसनंतर ठेव, कारण कव्वालीची खरी संध्याकाळ ती. बायकांना मुख्य मजारीच्या आत प्रवेश नाही, जाळीबाहेर बसावं लागतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. अमीर खुसरोची कबर त्याच आवारात आहे.

रविवारीच भरणारा पुस्तकबाजारही आहे, पूर्वी दरियागंजच्या फुटपाथवर असायचा तो. २०१९ पासून तो आसफ अली रोडच्या महिला हाटमध्ये भरतो, स्टेशन दिल्ली गेट. कथा-कादंबऱ्या किलोवर मिळतात. कायद्याची पुस्तकं घेताना सावध: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम लागू झाले आहेत. त्याआधीचे फौजदारी कायद्याचे बेअर ॲक्ट (कायद्याचा नुसता मजकूर, भाष्याशिवाय) ढिगाने आणि कवडीमोलाने दिसतील. जुन्या खटल्यांसाठी आणि तुलनेसाठी एखादा घे, परीक्षेसाठी नको. संविधान, करार, मालमत्ता हस्तांतरण या विषयांची जुनी भाष्यं मात्र घेण्यासारखी असतात. आवृत्तीचं वर्ष बघ आणि पानं सलग आहेत का ते चाळून बघ.

इंडिया गेट, राष्ट्रीय युद्धस्मारक, कॅनॉट प्लेस यांना शनिवार-रविवार देऊ नकोस. सुट्टीच्या संध्याकाळी तिथे मुंगी शिरायला जागा नसते. मंगळवार-बुधवारी ऑफिस सुटल्यावर जा. बंगला साहिब गुरुद्वारा रात्रीही उघडा असतो आणि लंगर सर्वांना. घरच्या जेवणाची आठवण फार आली तर गुलाबी लाईनने दोन स्टेशनांवर दिल्ली हाट, तिथे राज्याराज्यांचे खाण्याचे स्टॉल असतात.

पैशांचं: दोन दिवसांची मेट्रो ₹२०० च्या आत, ऑटो-रिक्षा मिळून ₹२००, तिकिटं ₹२५०, बाहेरचं खाणं ₹४००. हजाराच्या थोडं वर धर. तुझे गेल्या वेळी अडीच हजार गेले त्यात बसचं भाडं आणि 'गाईड नेतो त्या एम्पोरियम'ची खरेदी असणार. त्या दुकानांतून बसवाल्यांना कमिशन मिळतं, म्हणून तिथे तासभर थांबतात आणि मकबऱ्याला वीस मिनिटं. नवी दिल्ली स्टेशन आणि जनपथच्या आसपास 'आज हा रस्ता बंद आहे', 'सरकारी टुरिस्ट ऑफिस इकडे' असं सांगणारे भेटतील. उत्तर न देता चालत राहा.

एकटीने फिरण्याबद्दल घरच्यांना सांग की वर लिहिलेली सगळी ठिकाणं वर्दळीची आहेत आणि मेट्रोने जोडलेली. मेट्रोचा पहिला डबा बायकांचा, प्लॅटफॉर्मवर गुलाबी खूण असते. शेवटच्या गाड्या अकराच्या सुमारास सुटतात, तू नऊपर्यंत परत ये. ऑटोत बसण्याआधी नंबरप्लेटचा फोटो घरी पाठव. एकटीने जाऊ नये अशी जागा एकच सांगते: मेहरौली पुरातत्त्व उद्यान. जमाली-कमालीची मशीद आणि कबर, राजों की बावली ही पायऱ्यांची विहीर, फार सुंदर आहेत, पण मधल्या पायवाटा झाडीत आणि सुनसान. तिथे वारसाफेरीच्या गटाबरोबर किंवा दोन-तीन इंटर्न मिळून जा, जुलैत, पहिला पाऊस झाल्यावर. त्याच सकाळी कुतुबमिनार पुन्हा बघ, या वेळी सूर्योदयाला. मेट्रो स्टेशनपासून तो दीड-दोन किलोमीटर आहे, चालू नकोस. तुघलकाबादचा किल्ला थंडीसाठी सोड, तिथे सावलीच नाही.

आग्रा जूनमध्ये नको. संगमरवर डोळ्यांवर येतो आणि दिवस उन्हातच जातो. जुलैत ढगाळ दिवस बघून जा. ताज शुक्रवारी बंद, गतिमान एक्सप्रेसही शुक्रवारी नसते. ती सकाळी हजरत निजामुद्दीनहून सुटते आणि पावणेदोन तासांत पोचवते. निजामुद्दीन तुझ्या पीजीपासून ऑटोने दहा-पंधरा मिनिटं. शनिवारची तिकिटं लवकर संपतात, म्हणून तारीख ठरली की जातानाचं आणि येतानाचं दोन्ही एकदमच काढ.